आईचे उपचार आणि लाकडी पट्ट्यांचा गठ्ठा

तोंडाच्या कॅन्सरचे उपचार म्हणजे एक ऑपरेशन आणि त्यानंतरचे ‘लाइट’ (रेडिएशन), असे आमच्या घरात सगळ्यांनीच धरून चालले होते. आई निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी राहते आणि मी नाशिकला इंदिरानगरमध्ये. आजारपणाचा सगळा काळ ती माझ्याकडे होती आणि शाळेतली नोकरी सांभाळून तिचे बहुतेक सगळे मीच पाहिले. त्या काळात जे दिसले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, गाठ काढणे हे सर्जनचे काम असले, तरी त्यानंतर खाणे, गिळणे, बोलणे आणि हात वर करणे पुन्हा जमवणे हे वेगळे, दीर्घकाळ चालणारे आणि बरेचसे घरातच करायचे काम आहे, आणि त्याची सुरुवात ऑपरेशनच्या आधी व्हायला हवी. आमच्याकडे काही गोष्टींची सुरुवात तशी झाली, काहींची झाली नाही. दोन्हींतला फरक मी रोज पाहत होते.

आई मिसरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून बारीक करायची आणि सकाळी दातांना, हिरड्यांना घासून बराच वेळ तोंडात ठेवायची, ही आमच्याकडच्या बायकांची पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. विडी ओढणाऱ्या पुरुषाला कोणी तरी टोकते, मिसरी लावणाऱ्या बाईला कोणी टोकत नाही, कारण मिसरीला व्यसन मानतच नाहीत. ती दात घासण्याची आणि पोट साफ होण्याची सोय समजली जाते. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला आधी पांढरा चट्टा होता, मग तिखट लागू लागले आणि पुढे तिथे जखम झाली. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर तिचा तुकडा तपासलाच पाहिजे, हे दंतवैद्यांनी सांगितले. गावाकडून मात्र फोनवर फोन सुरू झाले, कारण “हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो” ही समजूत आमच्याकडे पक्की रुजलेली आहे. माझ्या मामांनी तर तसे बजावूनच सांगितले होते. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही, आणि ती केल्याशिवाय कोणताही डॉक्टर पुढचे उपचार ठरवू शकत नाही, हे त्यांना पटवण्यात माझी बरीच शक्ती गेली.

अहवालात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तरातून सुरू होणारा कॅन्सर आला. कॅन्सरशिवाय आईला जुना मधुमेह होता, रक्तदाब होता आणि किडनीची तपासणी काठावरची होती. त्यामुळे निर्णय एकट्या सर्जनने घेतला नाही. सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, केमोचे डॉक्टर आणि फिजिशियन यांनी एकत्र बसून तिची फाइल पाहिली. साखर आटोक्यात आल्याशिवाय जखम नीट भरणार नाही म्हणून आधी गोळ्या थांबवून इन्सुलिन सुरू झाले. केशरी शिधापत्रिका असल्यामुळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मंजुरी मिळाली. रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलासमोर आधार कार्ड, शिधापत्रिका आणि बायोप्सीचा कागद घेऊन बसलेल्या माणसांत मला आमच्या तालुक्यातली तोंडे बरीच दिसली.

ऑपरेशनचा बेत समजावून सांगताना सर्जन म्हणाले की, गालाबरोबर मानेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे कॅन्सर गालातून आधी जिथे पसरतो त्या गाठीही काढायच्या. मानेत हाताला काही लागत नव्हते आणि स्कॅनमध्येही ठळक काही नव्हते, म्हणून मी विचारले की मग मान कशाला उघडायची? त्यांनी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या अभ्यासाचा आधार दिला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या त्या चाचणीत, तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढलेल्या रुग्णांपैकी 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते, तर गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण 67.5 टक्के होते. एवढे ऐकल्यावर विचारण्यासारखे काही उरले नाही. पुढे आईच्या मानेतल्या एका गाठीत कॅन्सर निघाला आणि तो गाठीच्या आवरणाबाहेर आलेला होता, तेव्हा त्या उत्तराचे वजन मला नीट कळले.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात दोन माणसांची गाठ पडली, ज्यांचा पुढे सगळ्यात जास्त उपयोग झाला. पहिले दातांचे डॉक्टर. जबड्याला रेडिएशन मिळाल्यावर तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि नंतर कधी दात काढावा लागला तर ती जखम न भरता हाड कुजू लागण्याचा धोका राहतो, तोही जन्मभर. म्हणून हलणारे आणि किडलेले दात रेडिएशनच्या निदान दोन आठवडे आधी काढून जखमा भरू द्याव्या लागतात. आईचे असे दात ऑपरेशनच्या वेळी भुलीतच काढायचे ठरले आणि वाचवता येण्यासारखे दात भरून घेतले. दुसरी फिजिओथेरपिस्ट. तिने आईला तोंड उघडायला लावून पट्टीने वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर मोजले. ते 38 मिलिमीटर भरले. 35च्या खाली गेले तर तोंड आखडले असे धरतात, हे सांगून तिने घसा तपासताना जीभ दाबण्यासाठी वापरतात त्या लाकडी पट्ट्यांचा गठ्ठा दाखवला आणि दातांच्या मध्ये त्या एकावर एक कशा सरकवायच्या, हे आईकडून तेव्हाच करून घेतले. “आजी, ऑपरेशननंतर दुखेल तेव्हा नवीन काही शिकायला नको, म्हणून आत्ताच शिकवते,” असे ती म्हणाली. आईला त्या वेळी तो पोरखेळ वाटला.

गालात बसवायची कातडी डाव्या मनगटाजवळून रक्तवाहिनीसकट घ्यायची होती. म्हणून त्या हातावर सुई टोचायची नाही, सलाइन लावायचे नाही, अशी चिठ्ठीच चिकटवली होती. आईच्या हातातल्या बांगड्या उतरवताना वॉर्डातल्या मावशींनी आधी डावा हात मोकळा केला. मनगटाची कातडी गालात बसवायची, तिची रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची आणि मनगटावर मांडीची पातळ कातडी लावायची, अशी ती दिवसभराची शस्त्रक्रिया होती. त्यानंतर अतिदक्षता विभागात परिचारिका ठरावीक वेळाने टॉर्च घेऊन यायची आणि गालातल्या कातडीचा रंग, ऊब बघायची. कातडी निळी पडली किंवा पांढरीफटक झाली तर लगेच पुन्हा ऑपरेशन करावे लागते. श्वासासाठी गळ्याला काही दिवस नळी होती, त्यामुळे आवाज नव्हता. बोलायला म्हणून पाटी दिली होती; पण आईला सही आणि आकडे यांपलीकडे लिहिता येत नाही. मग पाण्यासाठी एक टकटक, दुखण्यासाठी दोन आणि मला बोलवायचे असेल तर पलंगाची कड वाजवायची, अशी आमची आम्हीच सोय केली.

घरी आलो ते नाकातल्या नळीसह. आधी कोणी तरी शांतपणे शिकवायला हवी अशी हीच गोष्ट होती, आणि ती आम्हाला सुट्टीच्या दिवशी, कागदपत्रांच्या घाईत, उभ्या उभ्या सांगितली गेली. नळी नाकपुडीपाशी किती आकड्यावर आहे ते रोज बघायचे, कारण ती वर सरकली तर अन्न फुप्फुसात जाऊ शकते. अन्न देताना आणि नंतर अर्धा तास तरी रुग्णाला बसते ठेवायचे. सिरिंजचा दट्ट्या जोराने दाबायचा नाही, सिरिंज उंच धरून अन्न आपोआप उतरू द्यायचे आणि शेवटी पाणी घालून नळी धुवायची. दर दोन-अडीच तासांनी साधारण 200 मिलिलिटर, असे ते दिवसभर चाले. मुगाची डाळ, भात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, नाचणीचे सत्त्व, ताक, सगळे मिक्सरमधून काढून आधी गाळणीतून आणि मग सुती फडक्यातून गाळावे लागे, कारण नाचणीचा एवढासा कण राहिला तरी नळी तुंबायची. भेटायला येणाऱ्या बायका ताकद यावी म्हणून सत्त्वात गूळ घाला, खजूर घाला असे सांगत. आहारतज्ज्ञांनी मात्र त्याला साफ नकार दिला होता, कारण नळीतून गेलेले पातळ अन्न रक्तातली साखर भराभर वाढवते. इन्सुलिनची वेळही मग जेवणाच्या नव्हे, नळीच्या वेळांशी जुळवून घ्यावी लागली.

मिसरी बंद झाल्याचा त्रास वेगळाच होता. चिडचिड आणि झोप उडणे यांची कल्पना होती, पण आईचे पोटच साफ होईना, त्यात दुखण्यावरच्या गोळ्यांनीही बद्धकोष्ठ वाढते. “चिमूटभर लावली की समदं मोकळं व्हतं, पोरी,” हे ती मला आवाज परत आल्या आल्या सांगू लागली. डॉक्टरांनी रेचकाचे औषध वेळेवर सुरू ठेवायला लावले आणि सवय मोडायला तेच सर्वांत उपयोगी ठरले, असे मी म्हणेन. कारण मिसरीची गरज का वाटते हे समजून न घेता नुसते रागावण्याने काही होत नाही.

जखम भरल्यावर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावे लागते. एक जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर आणि खांद्यांवर दाबून बसवतात. थंड झाल्यावर तो त्याच आकारात घट्ट होतो आणि रोज तोच मुखवटा टेबलाला अडकवून डोके स्थिर ठेवतात. सोमवार ते शुक्रवार, सहा-साडेसहा आठवडे, 30 ते 33 वेळा असे ते चालते. पहिल्या आठवड्यात काहीच होत नाही, म्हणून नातेवाईक खूश होतात. तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाची आतली कातडी सोलवटून निघते, लाळ चिकट होते, चव जाते आणि पाण्याचा घोटसुद्धा झोंबतो. मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून अनेकदा चूळ भरायची, हाच त्यावरचा रोजचा उपाय. पांढरी बुरशी दिसली की त्याचे औषध. द्राक्षांच्या काढणीचे दिवस होते आणि आयुष्यभर द्राक्षबागेत राबलेल्या आईला गावाकडून आलेल्या पेटीतला एक मणीही तोंडात धरता येत नव्हता. सगळी द्राक्षे शेजाऱ्यांना वाटली.

रेडिएशनबरोबर दर आठवड्याला केमो होती. सिस्प्लाटिन हे त्यातले नेहमीचे औषध. पण ते किडनीला जड जाते, म्हणून आधी आणि नंतर बरेच सलाइन द्यावे लागते आणि दर आठवड्याला क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातले प्रमाण तपासावे लागते. आईचे क्रिएटिनिन चढू लागले, तेव्हा केमोच्या डॉक्टरांनी सिस्प्लाटिन थांबवून डोसेटॅक्सेल हे दुसरे औषध कमी मात्रेत सुरू केले. सिस्प्लाटिन न चालणाऱ्या रुग्णांत रेडिएशनबरोबर ते दिल्याने फायदा होतो, हे दाखवणारी टाटामधलीच चाचणी 2023 साली प्रसिद्ध झाली आहे. कॅन्सरचा रुग्ण आहे म्हणून बाकीचे आजार बाजूला ठेवता येत नाहीत. आमच्या फाइलमध्ये त्या दिवसांत कॅन्सरच्या कागदांपेक्षा साखरेचे, किडनीचे आणि सोडियमचेच कागद जास्त होते.

शेवटच्या रेडिएशनच्या दिवशी घरच्यांनी पेढे आणले. आई ते खाऊ शकत नव्हती आणि पुढे बरेच दिवस परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडतच गेली, कारण रेडिएशनचा परिणाम ते थांबल्यावरही काही काळ वाढत राहतो. हे आधी माहीत असेल तर माणूस घाबरत नाही. गिळण्याचे व्यायाम याच सुमारास वाढवले. रोज थोडे तरी तोंडाने गिळलेच पाहिजे, नाहीतर घशाचे स्नायू वापराविना शिथिल होतात, यावर गिळणे-बोलणे शिकवणाऱ्या थेरपिस्टचा कटाक्ष होता. हनुवटी छातीकडे झुकवून आणि जोर लावून गिळायचे, गिळल्यावर ‘आ’ म्हणायचे. आवाज घरघरा, ओला आला तर समजायचे की काही तरी श्वासनलिकेकडे गेले. पाण्यासारखा पातळ पदार्थ सर्वांत सोपा असेल असे मला वाटत होते, पण तो पटकन घसरून चुकीच्या वाटेने जातो. म्हणून सुरुवात दाटसर पेज आणि घुसळलेल्या दह्यापासून झाली. बोलण्याचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. गालातली नवी कातडी जड असल्याने ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना ओठांच्या कोपऱ्यातून हवा आणि लाळ निसटायची. पापड, बाबा, मामा असे शब्द आरशासमोर घोकून ते बरेच सुधारले.

खरी झुंज जबड्याशी होती. ऑपरेशननंतर मोजले तेव्हा तोंड 24 मिलिमीटर उघडत होते आणि रेडिएशनमध्ये ते आणखी आवळत गेले. गरम पाण्यात पिळलेला रुमाल गालाला लावायचा, पट्ट्यांचा गठ्ठा दाढांच्या मध्ये ठेवायचा, ताण आला की तिथेच थांबायचे, आणि ताण सैल झाला की मधोमध एक पट्टी हळूच सरकवायची. दिवसातून पाच-सहा वेळा. मधोमध सरकवायची ती पट्टी ओली केली तर सहज जाते, हे आईनेच शोधून काढले. वेणीफणीच्या डब्यात त्या पट्ट्या ठेवून ती प्रत्येक वेळी मोजायची आणि काल होत्या तेवढ्या बसल्या नाहीत तर मला न सांगता गपचूप पुन्हा बसायची. हा व्यायाम तिला आधीपासून माहीत होता म्हणूनच दुखण्याच्या दिवसांतही तो सुटला नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्याच वेळेला रेडिएशनला येणाऱ्या एका गृहस्थांना तो रेडिएशन संपल्यावर पहिल्यांदा सांगितला गेला. तोवर त्यांच्या तोंडात बोट जाईनासे झाले होते.

खांद्याची कथा उलटी आहे. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणारी नस वाचवली तरी ती ताणली जाते आणि काही महिने खांदा खाली पडतो. हे ऑपरेशनआधी आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि नंतरही सगळ्यांचे लक्ष तोंडाकडेच होते. आईला डावा हात डोक्यापर्यंत नेता येईना. पदर सारखा ओघळायचा आणि अंबाडा घालता येईना, म्हणून ती सकाळी माझ्यासमोर पाठ करून नुसती बसून राहायची. तोंड उघडत नाही हे तिने सोसले. पण केस दुसऱ्याच्या हातात देणे तिला फार लागले. मी स्वतःहून फिजिओथेरपिस्टला विचारले तेव्हा भिंतीवर बोटांनी चढत जाणे, वाकून हात लोंबता ठेवून झुलवणे आणि दोन्ही खांदे मागे ओढणे असे व्यायाम सुरू झाले. दाराच्या चौकटीलगत भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या. तोवर सांधा आखडलेला असल्याने अंबाड्यापर्यंत पोहोचायला तिला पुष्कळ दिवस लागले, आणि आजही तो थोडा उजवीकडेच बसतो. योजनेतून मोठा खर्च भागला; या घरच्या व्यायामांसाठी लागलेल्या ओपीडीच्या फेऱ्या आम्ही खिशातून केल्या. त्या रकमेकडे पाहिले तर ती ऑपरेशनच्या मानाने किरकोळ होती, आणि तरीही घरातल्यांना नेमकी तीच अनावश्यक वाटायची.

आता आई गावी परतली आहे. दुधात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी ती खाते, तिखट अजून चालत नाही, लाळ कमी असल्याने पाण्याची बाटली कायम जवळ असते. मानेला रेडिएशन झाल्यामुळे थायरॉइड मंदावले, त्याची गोळी सुरू आहे. तोंड 33 मिलिमीटर उघडते; दिवाळीच्या गडबडीत पट्ट्या राहिल्या तेव्हा ते लगेच कमी झाले होते. पहिली दोन वर्षे आजार उलटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी नाशिकच्या द्वारका चौकात उतरून ती माझ्याकडे येते आणि तपासणी करून जाते. गेल्या खेपेस खालच्या उरलेल्या एका दाढेला कीड लागल्याचे निघाले. ती उपटायची नाही, रूट कॅनाल करून वाचवायची, यावर दातांचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर यांचे एकमत आहे; फक्त तेवढ्या मागे उपकरण पोहोचण्याइतके तोंड उघडले पाहिजे, म्हणून सध्या पट्ट्यांमध्ये आणखी एक घालण्याचा प्रयत्न चालू आहे.